ढेकणांचा घोर: पाच रात्रींच्या सहलीचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या धाकट्या बहिणीचं आहे, आणि थोडं माझंही. तिच्या संमतीने लिहिते आहे. नावं, ठिकाण, हॉटेल सगळं गाळलं आहे. आम्ही सहा जण ५ रात्रींसाठी बाहेर गेलो होतो: बहीण, तिचा नवरा, ११ वर्षांची भाची, ७ वर्षांचा भाचा, आमची आई आणि मी. शेजारशेजारच्या दोन खोल्या होत्या. एकीत ते चौघं, दुसरीत आई आणि मी.

सहल ठरल्यापासून बहिणीने तीन हॉटेलं बदलली होती. प्रत्येक वेळी कुणाचा तरी जुना अभिप्राय वाचून तिच्या मनात पाल चुकचुकायची आणि ती आधीचं बुकिंग रद्द करायची. तिने २०२३ च्या शरद ऋतूतले पॅरिसचे व्हिडिओही साठवून ठेवले होते, आगगाडीच्या आणि सिनेमागृहाच्या खुर्च्यांवर ढेकूण दिसल्याचे. फ्रान्सच्या अन्न व आरोग्य सुरक्षा संस्थेने त्याच वर्षी जाहीर केलेला आकडा तिला तोंडपाठ होता: २०१७ ते २०२२ या काळात तिथल्या सुमारे ११ टक्के घरांमध्ये ढेकूण झाले होते. आकडा खरा आहे. पण आपण ज्या खोलीत आज झोपणार त्या खोलीबद्दल तो काहीच सांगत नाही. ढेकूण पाहुण्यांच्या सामानातून येतात आणि पाहुणे रोज बदलतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या तक्रारीवरून आजची खोली ओळखता येत नाही, आणि हॉटेल महागडं आहे यावरूनही नाही.

पार्श्वभूमी

चार वर्षांपूर्वी बहिणीच्या घरात ढेकूण झाले होते. एका प्रवासाहून परतल्यावर ७ आठवड्यांनी भाच्याच्या गादीच्या शिवणीत पहिला दिसला. हा ७ आठवड्यांचा हिशेब तेव्हापासून तिच्या मनात रुतून बसला आहे, आणि तो चुकीचा नाही. ढेकणाची मादी दिवसाला १ ते ५ अंडी घालते. उबदार घरात ती ६ ते १० दिवसांत फुटतात. पिल्लाला पूर्ण वाढायला ५ वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी आधी रक्ताचं पोटभर जेवण लागतं. माणसं रोज तिथेच झोपत असतील तर हे सगळं ५-६ आठवड्यांत उरकतं. म्हणजे बॅगेतून अंड्यावर आलेली एकच मादी आली, तरी दीड-दोन महिन्यांत पलंगाच्या सांध्यात अख्खं बिऱ्हाड थाटलेलं असतं आणि तोवर घरात कुणाला पत्ता लागलेला नसतो.

तिने आधी खोलीभर औषधाचा धूर सोडणारे डबे आणले. २०१२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी असेच डबे तपासून पाहिले आणि ते जवळपास निरुपयोगी असल्याचं दाखवून दिलं. ढेकूण फटीत असतो, धूर तिथपर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी आजच्या बऱ्याच ढेकणांवर त्या जातीचं औषध चालत नाही. मग पेस्ट कंट्रोलवाले आले, तीनदा आले. एक पलंग आणि दोन गाद्या टाकून द्याव्या लागल्या. साडेचार महिने गेले. एवढ्या काळात तिने हे कुणालाही सांगितलं नाही. मला सगळं संपल्यावर कळलं.

ही लाज मला नीट समजून घ्यायची होती, म्हणून मी आईला विचारलं. आईला गंमत वाटली. तिच्या लहानपणी ढेकूण म्हणजे पावसाळ्यातल्या डासांसारखी गोष्ट होती, कुणाच्या घरात नव्हते? लाकडी खाटांच्या सांध्यांवर उकळतं पाणी ओतायचं, मारायचे, पुन्हा यायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं आणि पुष्कळ ठिकाणी ढेकूण दिसेनासे झाले. डीडीटीला दाद न देणारे ढेकूण १९४७ मध्येच हवाई बेटांवर आढळले होते, तरी काही दशकं मधे अशी गेली की एक संपूर्ण पिढी ढेकूण न पाहता वाढली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ते पुन्हा वाढले. या मधल्या पिढीने एकच समजूत उचलली: ढेकूण म्हणजे घाण. बहीण त्याच पिढीतली. ढेकणाला केरकचऱ्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला झोपलेला माणूस आणि जवळपास एक फट एवढंच लागतं. पण हे तिला साडेचार महिने कुणी सांगितलं नाही, कारण तिने कुणाला विचारलंच नाही.

ढेकणांचा त्रास संपला तरी माणूस त्यातून लगेच बाहेर येत नाही. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली यावर लेख आला होता. वाईट स्वप्नं, झोप न लागणं, सतत सावध राहणं अशा तक्रारी त्यात नोंदलेल्या आहेत. बहिणीत मी या तिन्ही पाहिल्या.

पहिली रात्र

आम्ही रात्री नऊला पोहोचलो. मुलं पेंगुळली होती. बहिणीने त्यांना खोलीच्या दाराबाहेर, बॅगांवर बसवून ठेवलं आणि ती एकटी आत गेली. बाहेर आली तेव्हा पावणेबारा झाले होते. भाचा भिंतीला टेकून झोपी गेला होता.

एवढा वेळ ती काय पाहत होती, हे मी तिला नंतर विचारून लिहून घेतलं. पडदे, पडद्यांच्या घड्या, गालिचा, दिव्याची शेड, बाथरूममधले टॉवेल, कपाटाचे सगळे खण, उशांचे अभ्रे, चादर दोनदा काढून दोनदा घातली, गादीचा वरचा भाग टॉर्चने इंच इंच. सापडलं काय? कापसाचे गोळे, कुठलासा कण, एक मेलेलं चिलट, तपकिरी दोऱ्याचा तुकडा. प्रत्येकाचा तिने फोटो काढला आणि मोठा करून पाहिला.

त्या पावणेतीन तासांत तिने मला सहा वेळा हाक मारली. "ताई, हे बघ ना, हे काय असेल?" मी जायचे, बघायचे, "दोरा आहे" म्हणायचे. पहिल्या वेळी माझ्या उत्तराने तिला पंधरा-वीस मिनिटं बरं वाटलं असावं. सहाव्या वेळी मी माझ्या दारापर्यंत पोहोचायच्या आत तिने पुन्हा टॉर्च लावलेला मला दिसला. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं: मी दिलेला दिलासाच तिला पुढच्या तपासणीकडे ढकलत होता. ज्या प्रश्नाला शेवट नाही त्याचं उत्तर मी हप्त्या-हप्त्याने देत होते.

तिचा नवरा वेगळ्या तऱ्हेने चुकला. "अगं, काही नसतं, उगाच मनाने घेऊ नकोस," हे तो प्रेमानेच म्हणत होता. पण चार वर्षांपूर्वी भाच्याच्या अंगावर चट्टे आले तेव्हाही तो नेमकं हेच म्हणाला होता. तिला ते आठवत होतं. त्यालाही आठवत असणार.

रात्री भाचा उठून पाय खाजवू लागला. त्याच्या पायावर काही नव्हतं. खाजेबद्दल ऐकलं की खाज सुटते, मोठ्यांनाही सुटते. हे वाचतानाही कुणाला तरी सुटली असेल. पण त्या खोलीत त्या रात्री चौघांपैकी कुणाच्याही डोळ्याला डोळा लागला नाही.

शेजारच्या खोलीत मी आणि आई गाढ झोपलो. मी काही तपासलं नव्हतं. माझी बॅग पलंगाला टेकून जमिनीवर उघडी पडली होती आणि दिवसभराचे घामट कपडे मी उशाजवळच्या खुर्चीवर टाकले होते. बहीण सगळ्यांच्या वाटणीची काळजी करते आहे, मग मी कशाला, असं कुठेतरी माझ्या मनात होतं.

भाचीच्या हातावरच्या गांधी

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीच्या कोपराखाली तीन गांधी उठलेल्या होत्या, जवळजवळ एका रेषेत. बहिणीने काही न बोलता तो हात आम्हा सगळ्यांना दाखवला. तिचा नवरा म्हणाला, "डास. काल संध्याकाळी बागेत होतो ना." दोघांनाही आपापली खात्री होती आणि दोघांकडेही पुरावा नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बहुतेक घरांत भांडण याच जागी होतं. नुसत्या चट्ट्यांवरून ढेकूण ठरवता येत नाहीत. रेषेत किंवा पुंजक्यात उठलेल्या गांधी ढेकणांच्या असू शकतात, तशा डासांच्या, पिसवांच्या किंवा अंगावर उठलेल्या पित्ताच्याही असू शकतात. डॉक्टरही फक्त चट्टा पाहून खात्रीने सांगू शकत नाहीत. शिवाय ढेकणाच्या चाव्याची खूण उमटायला काही जणांत थेट १४ दिवसांपर्यंत वेळ लागतो, तेव्हा आज दिसणारी गांध कालच्याच पलंगावरची असेल असं नाही. आणि पुष्कळ माणसांच्या अंगावर चाव्याची खूणच उमटत नाही, वयस्कर माणसांत तर हे जास्त दिसतं. म्हणजे गांध असणं हा ढेकूण असल्याचा पुरावा नाही, आणि नसणं हा नसल्याचाही नाही.

ढेकणांमुळे माणसात रोग पसरतात असं आजवर दिसलेलं नाही, हे मी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे गं. मला रोगाची भीती नाहीच." मग कशाची, हे मी तिथे विचारलं नाही, ही माझी चूक. विचारलं असतं तर पुढचा गोंधळ वाचला असता.

मी तिला म्हटलं, आपण दोघी मिळून बघू, पण घड्याळ लावून. एका खोलीला १२ मिनिटं. घंटा झाली की थांबायचं, काहीही झालं तरी. आणि माझ्याही खोलीत बघायचं.

१२ मिनिटांत सगळं बघून होत नाही, म्हणून ढेकूण कुठे असेल याचा आधी विचार करावा लागतो. पोट रिकामं असताना ढेकूण अगदी चपटा असतो. त्याला पाठ आणि पोट दोन्ही कशाला तरी टेकलेली आवडतात, म्हणून तो पडद्याच्या मोकळ्या घडीपेक्षा लाकडाच्या फटीत सुखाने राहतो. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. झोपलेल्या माणसाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि अंगाच्या उबेच्या ओढीने तो चालत येतो, ५-१० मिनिटांत पोट भरून परत फटीत जातो. उवेसारखा तो अंगावर राहत नाही. तेव्हा बघायच्या जागा माणसाच्या डोक्यापासून सुरू होतात: डोक्याकडच्या फळीची मागची बाजू, गादीचे कोपरे आणि कडेची जाड शिवण, गादीची खालची बाजू, पलंगाच्या चौकटीचे सांधे, स्क्रूची भोकं, मग उशाजवळचं टेबल. बहिणीने पावणेतीन तासांत यातली फक्त एक जागा पाहिली होती, गादीची वरची शिवण. तिची तपासणी मोठी होती, पण ती भीती नेईल तिकडे जात होती.

शोधायचं काय, तेही आधी बोलून घेतलं. जिवंत ढेकूण दिसेलच असं नाही. पूर्ण वाढलेला सफरचंदाच्या बीएवढा, ५ मिलिमीटरच्या आसपास, तांबूस तपकिरी. पिल्लं फिकट आणि फार लहान. अंडी पांढरी, जेमतेम १ मिलिमीटरची, चिकटवल्यासारखी. त्यापेक्षा सहज दिसतात ते काळे ठिपके, मार्करचं टोक कापडाला टेकवावं आणि शाई आत शोषली जावी तसे. ती त्यांची विष्ठा, पचलेलं रक्त. ओल्या कापडाने पुसलं की ठिपका तांबूस-तपकिरी फराटतो. आणि टाकलेली कात: ढेकणाच्याच आकाराचं, पोकळ, पारदर्शक तपकिरी टरफल.

त्यांच्या खोलीत १२ मिनिटांत काही सापडलं नाही. घंटा झाली, बहीण थांबली. तिला जड गेलं ते दिसत होतं.

माझ्या खोलीत डोक्याकडची फळी भिंतीवर खुंटीला अडकवलेली होती. तिच्या नवऱ्याने ती उचलून पुढे घेतली. भिंतीकडच्या बाजूला, माझ्या उशीच्या बरोबर मागे, पाच काळे ठिपके होते आणि एक रिकामी कात.

त्यानंतरचा तास

मला वाटलं होतं, आता बहीण कोसळणार. झालं उलटंच. तिचा आवाज खाली आला, ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुझी बॅग गादीवर ठेवू नकोस. बाथरूमच्या फरशीवर ठेव." सकाळपासून ती जे काही सांगत होती ते पहिल्यांदा कुणीतरी ऐकत होतं. आता मीच घाबरले होते. माझ्या अंगावर एकही खूण नव्हती, आईच्याही नव्हती, आणि त्यावरून काहीच ठरत नाही हे मीच दोन तासांपूर्वी शहाणपणाने सांगितलं होतं.

ते ठिपके आणि ती कात जुनी असू शकत होती. एखाद्या फवारणीत सगळे मेले असतील आणि फळीमागे कुणी पुसलं नसेल. पण ते ठरवण्याची जबाबदारी आमची नव्हती. आम्ही फोटो काढले, काही हलवलं नाही आणि खाली गेलो. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, "आमच्याकडे असं कधी होत नाही." बहिणीचा चेहरा पुन्हा चार वर्षांपूर्वीचा झाला. मग मॅनेजर आले, त्यांनी फोटो पाहिले आणि वाद घातला नाही. त्यांनी शेजारची खोली देऊ केली. ती आम्ही नाकारली, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं मला वाटतं: भिंतीतल्या फटींतून, वायरींच्या नळ्यांतून ढेकूण शेजारच्या, वरच्या, खालच्या खोलीत जातात. म्हणून आम्ही वेगळ्या मजल्यावरच्या, इमारतीच्या दुसऱ्या टोकाच्या दोन खोल्या मागितल्या. बहिणीची खोली सापडलेल्या खोलीला लागूनच होती, म्हणून तीही बदलली. मॅनेजर आमच्या बॅगांवर औषध फवारायलाही तयार होते. त्याला आम्ही नको म्हटलं. मुलांचे कपडे त्यात होते, आणि झिपेच्या आत दडलेल्या ढेकणापर्यंत वरवरची फवारणी पोहोचत नाही.

नवऱ्याचं म्हणणं होतं, आत्ता निघू, घरी जाऊ. बहिणीलाही तेच हवं होतं. सामान भरायला ती वळलीसुद्धा. तेव्हा मी सकाळी न विचारलेला प्रश्न विचारला: तुला नेमकी भीती कशाची आहे? चावण्याची? ती म्हणाली, "पुन्हा घरात येण्याची."

या प्रकरणात माझ्या दृष्टीने हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिची भीती घराची होती आणि ती पहारा देत होती हॉटेलच्या खोलीत. कुठल्याही खोलीत ढेकूण नाहीत अशी शंभर टक्के खात्री कुणालाच देता येत नाही. पावणेतीन तासांनी नाही, पावणेतीन दिवसांनीही नाही. सामानाची खात्री मात्र करता येते. उष्णतेपुढे ढेकणाचं काही चालत नाही. २०११ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात पूर्ण वाढलेले ढेकूण सुमारे ४८ अंश सेल्सिअसला आणि अंडी जवळपास ५५ अंशांना झटकन मेलेली आढळली. ड्रायर मोठ्या आचेवर अर्धा तास फिरवला की कपड्यातलं सगळं मरतं, अंड्यांसकट. म्हणजे तिचा पहारा सहलीच्या शेवटच्या टोकाला, घराच्या उंबऱ्यावर हवा होता. आणि त्या क्षणी घाईने सामान भरून निघालो असतो, तर नेमकं तेच घडलं असतं ज्याला ती चार वर्षं भीत होती.

आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मग राहू या की. मुलांना तळं दाखवायचं राहिलंय."

उरलेल्या रात्री

नव्या खोल्या १२-१२ मिनिटांत पाहिल्या, काही सापडलं नाही. माझं आणि आईचं सगळं सामान मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंड गाठ मारून बंद केलं, रोजच्या वापराचं तेवढं बाहेर. सगळ्या बॅगा बाथरूमच्या फरशीवर. मळलेले कपडे काढले की लगेच बंद पिशवीत. हा शेवटचा नियम मला पटवून द्यावा लागला नाही, मी त्याबद्दल वाचलेलं होतं: २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ढेकणांसमोर धुतलेल्या आणि वापरलेल्या कपड्यांच्या पिशव्या ठेवल्या, तर माणूस खोलीत नसताना ते वापरलेल्या कपड्यांवर दुपटीने जमले. माझी ती उशाजवळची खुर्ची म्हणजे त्यांना आमंत्रणच होतं.

ठरलं असं होतं की खोलीत शिरताना एकदाच बघायचं, नंतर नाही. तिसरी रात्र निभावली. चौथ्या रात्री तीन वाजता बहिणीने दिवे लावले आणि मुलीच्या अंगावरची चादर ओढून काढली. भाची दचकून रडायला लागली. ती रडत रडत म्हणाली, "आई, माझ्या अंगावर आहेत का ते? सांग ना, आहेत का?" बहीण मला सांगते, त्या वेळी तिला आपल्याच तोंडचा प्रश्न मुलीच्या तोंडून ऐकू आला. तिने दिवा बंद केला, मुलीला कुशीत घेतलं आणि "बघितलंय मी, आता पुन्हा बघायचं नाही" असं म्हणाली. "नाहीत" असं ती म्हणाली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तिला ते माहीत नव्हतं आणि खोटा दिलासा कसा विरून जातो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तळं पाहिलं. भाच्याने पाण्यात इतके दगड मारले की त्याचा खांदा दुखला.

घराचा उंबरा

परतल्यावर एकही बॅग झोपायच्या खोलीत गेली नाही. दोन्ही घरांत सारखंच केलं. माझ्या घरात तर जास्तच कसोशीने, कारण संशयित सामान माझं होतं. कपडे पिशवीतून थेट ड्रायरमध्ये, धुवायच्या आधी. कोरडे कपडे लवकर तापतात. मग ६० अंशांच्या पाण्यात चालतील तेवढे धुतले. अंगावरचे कपडेही दारातच उतरवले. आईची लोकरीची शाल आणि भाच्याचे बूट ड्रायरमध्ये घालता येत नव्हते, ते बंद पिशवीतून फ्रीझरमध्ये गेले, उणे १८ अंशांना पूर्ण ४ दिवस. भाचा रोज शाळेतून आला की फ्रीझरचं दार उघडून बुटांची विचारपूस करायचा. त्याला दार उघडू नकोस म्हणून रोज सांगावं लागायचं. बॅगांच्या शिवणी, झिपा, चाकांच्या खाचा व्हॅक्यूमने ओढून घेतल्या, व्हॅक्यूमची पिशवी बांधून घराबाहेर टाकली आणि बॅगा बंद पिशव्यांत घालून माळ्यावर ठेवल्या. काळ्या पिशवीत भरून उन्हात ठेवणं मी टाळलं. वरचे कपडे तापतात, मधले कोमटच राहतात, आणि ढेकूण चालत चालत मधे जातो.

मग पलंगाच्या प्रत्येक पायाखाली एक प्लास्टिकची खोलगट वाटी ठेवली. अशा वाट्या याच कामासाठी मिळतात. ढेकणाला गुळगुळीत उभ्या कडेवर सहसा चढता येत नाही. पलंगाकडे येणारा किंवा उतरणारा त्यात अडकतो. पलंग भिंतीपासून सरकवला, चादरी जमिनीला टेकू दिल्या नाहीत. वाट्या फक्त रविवारी सकाळी बघायच्या, सहा आठवडे. पिल्लांची वाढ पूर्ण व्हायला लागतो तेवढाच हा काळ.

पहिले तीन आठवडे बहिणीला रात्री अंगावर काहीतरी सुरसुरल्यासारखं व्हायचं. वाट्या रिकाम्या होत्या. ती एका समुपदेशिकेकडे जाऊ लागली, अजून महिन्यातून एकदा जाते. तिथे काय बोलणं होतं ते तिचं तिच्याजवळ. मला एवढंच दिसलं की नवऱ्याने "काही नसतं" म्हणणं सोडलं आणि रविवारी वाट्या तो बघू लागला. एकदा त्याने चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवसांबद्दल, भाच्याच्या चट्ट्यांकडे दुर्लक्ष केल्याबद्दल, तिची माफी मागितली. ती मला हे सांगताना रडली होती.

सहा आठवडे संपले. दोन्ही घरांतल्या आठही वाट्यांत धूळ होती आणि एका वाटीत मेलेली मुंगी. भाचीच्या गांधी कशाच्या होत्या, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

आठ महिन्यांनी आम्ही पुन्हा एकत्र गेलो. बहिणीने हॉटेल एकदाच निवडलं. पोहोचल्यावर मुलं बॅगांसकट दाराबाहेर थांबली, भाचीच्या हातात घड्याळ होतं. बहीण आणि तिचा नवरा आत गेले, फळी पुढे ओढली, गादीचे चारही कोपरे उचलले, चौकटीचे सांधे टॉर्चने पाहिले. मी शेजारच्या खोलीत तेच करत होते. घड्याळ वाजलं तेव्हा मी त्यांच्या दारात आले होते. बहीण उशीच्या कोपऱ्यावरच्या एका तपकिरी ठिपक्याकडे वाकून बघत होती. दोरा असावा, दुरून तसाच दिसत होता. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. विचारलं काही नाही. टॉर्च बंद केला आणि दाराकडे वळून म्हणाली, "या रे आत. आणि बॅगा आधी बाथरूममध्ये."